फोरम थिएटर कसं चालतं: हरणारं नाटक आणि उठून येणारे प्रेक्षक

एखादा कामगारांचा गट किंवा महिला मंडळ अन्यायावर नाटक बसवायला घेतं तेव्हा शेवट बहुधा आधीच ठरलेला असतो. जुलूम होतो, कुणीतरी पेटून उठतं, घोषणा होते, टाळ्या पडतात. फोरम थिएटरचं नाटक मुद्दाम हरून संपतं. दहा-बारा मिनिटांत नायिका चहूबाजूंनी कोंडीत सापडते आणि मुकाट मान खाली घालते. मग तेच नाटक पहिल्यापासून पुन्हा सुरू होतं. या खेपेला प्रेक्षकांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून ते अडवू शकतं, पुढे येऊन नायिकेची जागा घेऊ शकतं आणि आपण असतो तर काय केलं असतं ते करून दाखवू शकतं. समोरचे नट आपली भूमिका सोडत नाहीत. मालक मालकच राहतो. त्यामुळे सुचवलेला उपाय टिकतो की कोसळतो, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कळतं.

ऐकायला सोपं आहे. तरी पहिल्या प्रयोगाला बहुतेक गटांचं गाडं अडतं, आणि त्यात अभिनयाचा दोष क्वचितच असतो. चुकलेली असते ती प्रसंगाची निवड, नाहीतर सूत्रं हातात असलेल्या माणसाची जीभ.

हे आलं कुठून

ही पद्धत ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांची. त्यांच्या एकूण कामाला 'थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड', म्हणजे शोषितांची रंगभूमी, म्हणतात. फोरम हा त्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा भाग. तिच्या मुळाशी दोन फजित्या आहेत आणि दोन्ही बोआल स्वतःच सांगत.

पहिली ईशान्य ब्राझीलमधली. साओ पावलोच्या अरेना नाट्यगृहाची मंडळी शेतकऱ्यांपुढे प्रचारनाटक करत होती. शेवटी नट बंदुका उंचावून 'जमिनीसाठी रक्त सांडू' असं गात. प्रयोग संपल्यावर व्हर्जिलियो नावाचा शेतकरी पुढे आला. तुमचं-आमचं मत एकच आहे, तेव्हा चला, बंदुका घ्या आणि जमीनदाराच्या माणसांना हुसकावून लावू, असं म्हणाला. नटांना कबूल करावं लागलं की बंदुका नाटकातल्या आहेत आणि लढायला काही ते येणार नाहीत. म्हणजे सांडायचं ते रक्त आमचं, तुमचं नव्हे, हे व्हर्जिलियोच्या लगेच ध्यानात आलं. जो धोका आपण पत्करणार नाही तो इतरांनी पत्करावा असं सांगणारं नाटक यापुढे करायचं नाही, असं बोआल यांनी तेव्हा ठरवलं.

दुसरी पेरूमधली. १९७१ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने बोआल यांना पकडलं, त्यांचा छळ केला, आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये ते पेरूच्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. तेव्हाची रीत अशी की अडचणीच्या जागी प्रसंग थांबवायचा, प्रेक्षकांना उपाय विचारायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा. एका प्रसंगात वाचता न येणारी बाई नवऱ्याने जपायला दिलेले कागद सांभाळत असते आणि ती निघतात दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं. प्रेक्षकांतली एक बाई म्हणाली, तिने त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटी स्पष्ट बोलली. बाईंचं समाधान होईना. पुन्हा बोलली, आणखी स्पष्ट. तरी नाही. शेवटी बोआल यांनी बाईंनाच मंचावर बोलावलं. त्यांनी झाडू उचलला, नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला चांगला बदडला आणि मगच काय बोलायचं ते बोलल्या. दुसऱ्याचा उपाय नटाने करायला घेतला की त्यात नटाचा अर्थ शिरतो, म्हणून ज्याचा उपाय त्यानेच येऊन करावा, हा फोरमचा नियम तिथून आला.

भारतात ही पद्धत सर्वांत चिकाटीने रुजवली ती पश्चिम बंगालमधल्या 'जन संस्कृती'ने. संजय गांगुली यांनी १९८५ मध्ये सुंदरबनच्या गावांत हे काम सुरू केलं आणि शेतमजूर बाया-पुरुषच त्यातले नट झाले.

पथनाट्य करायचं की फोरम

माहिती पोहोचवायची असेल, मोर्चात पाचशे माणसं उभी असतील, मागणी पक्की झाली असेल, तर सरळ पथनाट्य करावं. फोरमला साधारण चाळीस ते शंभर प्रेक्षक लागतात, दोन तास लागतात, आणि मुख्य म्हणजे खरा प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर बसवणाऱ्यांनाही ठाऊक नाही. 'हात धुवा', 'मुलीला शाळेत पाठवा' अशा ठरलेल्या संदेशावर फोरम बसवायला सांगणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. तिथे प्रेक्षक पहिल्याच फेरीत अपेक्षित उत्तर देऊन मोकळे होतात आणि उरलेला दीड तास सगळे एकमेकांकडे बघत बसतात. अशा कामाला फोरम म्हणू नये.

प्रसंग कसा असावा

बोआल यांनी केलेला एक भेद इथे फार उपयोगी पडतो. छातीवर पिस्तूल टेकवलेल्या माणसाकडे काही करायला जागाच नसते. तो हल्ला झाला. ज्याच्यावर दाब आहे पण अजून दोन-चार वाटा उरल्या आहेत, त्याच्यावर होतं ते दमन. फोरम फक्त दमनावर होतो. मारहाणीचा, बलात्काराचा किंवा बुलडोझर दारात येऊन ठेपल्याचा क्षण प्रसंग म्हणून निवडला, तर प्रेक्षक हळहळतील आणि बसून राहतील. त्याच गोष्टीत पाच दिवस किंवा पाच महिने मागे जायचं, जिथे अजून कुणाशी बोलता येत होतं, कागद मागता येत होता, कुणाला सोबत घेता येत होतं. प्रसंग तिथला.

एक नमुना घेऊ. रुग्णालयात ठेक्यावर काम करणारी सफाई कामगार, तिला शांता म्हणू. कामाची पाळी सुरू होताना ती जाड हातमोजे मागते. मुकादम म्हणतो, संपलेत, उद्या बघू. कचऱ्याच्या पिशवीतली वापरलेली सुई तिच्या हातात घुसते. ती सिस्टरकडे जाते. सिस्टरच्या हातात तीन कामं, ती मान वर न करता म्हणते, "तुमच्या मुकादमाला सांगा." सोबतची कामगार दबक्या आवाजात म्हणते, "गप्प बस बाई, तुझ्यापायी माझाही खाडा मांडतील." शेवटी मुकादम कागद पुढे करतो: आज कामावर असताना काही इजा झाली नाही. शांता सही करते. नाटक संपलं.

बारा मिनिटांच्या या प्रसंगाला चार दारं आहेत: हातमोज्यांची मागणी, सिस्टरशी बोलणं, सोबतिणीशी बोलणं आणि सही. नाटक बांधताना अशी किमान तीन दारं मोजून ठेवावीत. प्रत्येक दारापाशी नायिका थोडी घुटमळलेली दिसली पाहिजे: सिस्टरच्या टेबलापाशी दोन पावलं पुढे, एक मागे. तिला काहीतरी हवं आहे आणि ते मागायला ती धजते आहे, हे दिसलं नाही तर प्रेक्षकांना अडवायला जागाच सापडत नाही. सुरुवातीपासून रडणारी, सगळं सोसणारी नायिका हा नवख्या गटांचा हमखास दोष.

तपशील खरा हवा, कारण प्रेक्षक तो तपासतात. सुई टोचल्यावर जखम साबण-पाण्याने धुवायची असते आणि एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं जितक्या लवकर तितकी बरी, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. म्हणजे 'उद्या बघू' या दोन शब्दांत शांताचं काय पणाला लागलं आहे, हे मुकादमाचं काम करणाऱ्यालाही ठाऊक असलं पाहिजे. नोंद कोणत्या वहीत होते, हजेरी कोण मांडतं, ठेकेदाराचं बिल कोण मंजूर करतं, हे त्या कामातल्या माणसांना विचारून घ्यावं. पुस्तकातून बांधलेला मुकादम पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

तयारी

आठ ते बारा जणांचा गट आणि साधारण पंचवीस तासांचा सराव पुरतो. सलग चार दिवस मिळाले तर उत्तम, नाहीतर आठवड्यातून दोन संध्याकाळी. नट मुरलेले नसले तरी चालतं. त्या प्रश्नाच्या जवळचे असले पाहिजेत.

पहिला दिवस खेळांत आणि मूर्ती करण्यात जातो. गटातल्या एकाने बाकीच्यांना न बोलता हाताने उभं करून आपला प्रश्न आहे तसा दाखवायचा, मग तो हवा तसा दाखवायचा, आणि मग एकातून दुसऱ्याकडे जाणारी मधली मूर्ती करायची. बोलक्या माणसांची दादागिरी यात आपोआप कमी होते. मूर्तीवरून गोष्ट काढायची, तिला संवाद लावायचे, संहिता लिहायची नाही. तिसऱ्या दिवशी प्रत्येक पात्राला मध्ये बसवून उलटतपासणी घ्यायची: तुला काय हवंय, तू कुणाला भितोस, नोकरी गेली तर तुझं काय होईल. नटाने पात्र न सोडता उत्तरं द्यायची.

ही उलटतपासणी विरोधकाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची. फोरमचा सगळा भार त्याच्यावर असतो. तो फार ताठ राहिला तर तिसऱ्या माणसानंतर कुणी उठत नाही. तो लगेच विरघळला तर प्रेक्षक खोट्या समाधानात घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या मुकादमापुढे तोंडघशी पडतात. नटाने जिंकायलाही खेळायचं नसतं आणि हरायलाही. आपल्या पात्राचा स्वार्थ सांभाळायचा. मुकादमाला ठेकेदाराची भीती आहे, वहीत नोंद झाली तर त्याच्यावर शेकेल. मग कुणी आरडाओरडा केला तर तो आधी हसून टाळेल, मग खाडा मांडायची धमकी देईल. पण समोर सिस्टर आणि दोन कामगार एकत्र उभे राहिले आणि नोंद न करणं हेच त्याला महाग पडणार असं दिसलं, तर तो वही उघडेल. तोही कुरकुरत, "माझं नाव कुठे घेऊ नका" म्हणत. सरावात प्रत्येक विरोधकाला निदान दहा वेगवेगळ्या उपायांना तोंड द्यायला लावावं. सोबतिणीच्या भूमिकेलाही हेच लागू. ती भित्री का आहे, याचं तिच्याकडे वजनदार कारण हवं.

जोकर

प्रेक्षक आणि नाटक यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाला जोकर म्हणतात, पत्त्यांतल्या जोकरवरून: तो कुठल्याच बाजूचा नाही. विदूषकी करणं हे त्याचं काम नव्हे. नियम सांगणं, पुढे येणाऱ्याला हात देणं, प्रत्येक फेरीनंतर प्रश्न विचारणं, एवढंच त्याच्याकडे. तो प्रश्न विचारतो, उत्तर देत नाही. 'छान!', 'बरोबर!' हे शब्द त्याने टाळावेत, कारण एकाला छान म्हटलं की बाकीच्यांना परीक्षा चालू आहे असं वाटू लागतं. विचारायचं ते असं: काय बदललं? कशामुळे? उद्या सकाळी हजेरीच्या वेळी शांताचं काय होईल? हे तुमच्याकडे चालेल का?

कार्यकर्त्यांना जोकर होणं सर्वांत जड जातं. वर्षानुवर्षं समजावून सांगायची सवय. त्यातून गप्प बसणं आलंच नाही, तर अशा माणसाला वहीत नोंदी घ्यायला बसवावं.

प्रयोगाची मांडणी

उंच मंच नको. प्रेक्षक तीन बाजूंनी, पहिली रांग खेळायच्या जागेपासून दीड-दोन मीटरवर, मध्ये वायर किंवा टेबल नाही, आणि उजेड प्रेक्षकांवरही. अंधारात बसलेला माणूस उठत नाही. नायिकेची खूण म्हणून एकच वस्तू ठेवावी, ओढणी किंवा टोपी. ती ज्याच्या अंगावर तो त्या क्षणी शांता. या साध्या युक्तीने पुरुष प्रेक्षकही संकोच न करता शांता होतात आणि कोण कुठल्या भूमिकेत आहे याचा गोंधळ होत नाही.

दोन तासांत वेळ अशी वाटली जाते: दहा मिनिटं नियम सांगायला, दहा मिनिटं सगळ्यांना हालवणाऱ्या एखाद्या खेळाला, बारा-पंधरा मिनिटं नाटक. मग पाच मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला: हे आपल्याकडे घडतं का, तुम्ही कुठे अडवलं असतं? त्यानंतर साधारण तासभर दुसरी फेरी. एकेक प्रयत्न दोन ते चार मिनिटांचा, त्यावर तेवढीच चर्चा, म्हणजे आठ-नऊ प्रयत्न होतात. याहून जास्त ओढू नये. शेवटची पंधरा मिनिटं पुढच्या कामाला राखून ठेवायची.

जागा कुणाची घ्यायची? नायिकेची. तिच्या बाजूने झुकू शकेल अशा पात्राचीही, म्हणजे सिस्टरची किंवा सोबतिणीची, घेता येते. मुकादमाची नाही. मुकादम अचानक दयाळू झाला तर प्रश्न सुटतो खरा, पण शांताच्या हातात काहीच येत नाही. कुणी लॉटरी लागल्यासारखा उपाय आणला, मंत्र्याला फोन केला आणि मंत्र्याने लगेच उचलला, तर जोकर प्रेक्षकांना विचारतो: हे होऊ शकतं की ही जादू? 'जादू' हा निकाल प्रेक्षकांनी द्यायचा.

काय बिघडतं

कुणीच उठत नाही, हे सर्वांत जास्त वेळा होतं. आधी पुढच्या रांगेत कोण बसलंय ते बघावं. खरा मुकादम किंवा पंच तिथे असेल तर लोक शहाणपणानेच गप्प आहेत. तसं नसेल तर पेरूच्या जुन्या रीतीवर यावं: बसल्या जागेवरून सुचवा, नट करून दाखवतील. नट ते थोडं चुकीचं करतो, सुचवणारा अस्वस्थ होतो, "असं नाही हो" म्हणतो, आणि मग जोकर ओढणी पुढे करतो. प्रेक्षकांत आपलाच माणूस पेरून ठेवायची युक्ती काही गट करतात. छोट्या वस्तीत ती पहिल्या मिनिटाला कळते आणि नंतर कुणाचाच विश्वास राहत नाही, तेव्हा ती करू नये.

पुढे आलेला माणूस पात्राशी बोलायचं सोडून प्रेक्षकांना भाषण देऊ लागतो. जोकरने मध्येच, पण प्रेमाने, म्हणायचं: "हे मुकादमाला सांगा, तो समोर उभा आहे." भाषण तीन वाक्यांत आटोपतं.

हाणामारी. पेरूच्या बाईंचा झाडू आठवून कुणी नटाच्या अंगावर धावला तर? सुरुवातीलाच नियम सांगावा: मारायचं असेल तर संथ गतीने, स्पर्श न करता. आणि मार दाखवून झाल्यावर जोकरने पुढची पाच मिनिटं खेळायला लावावीत. मुकादमाला थोबाडीत दिल्यावर ठेकेदार येतो, पोलीस येतात. प्रेक्षक ते बघतात आणि मग वेगळा माणूस उठतो.

बायकांच्या प्रश्नावर पुरुषांनी भराभरा उपाय देणं हाही नेहमीचा अनुभव: 'तिने सरळ सांगून टाकायचं, भ्यायचं काय त्यात!' त्याला अडवू नये, करू द्यावं. मग जोकरने बायकांकडे वळून विचारावं, तुम्ही असं केलंत तर घरी पोचेपर्यंत काय होईल? प्रयोगातलं सर्वांत खरं बोलणं पुष्कळदा इथून सुरू होतं.

सुरक्षितता

नाटक संपल्यावर नट घरी जातात. प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमापुढे उभं राहायचं असतं. म्हणून ज्या वॉर्डात किंवा कारखान्यात घटना घडली ती जागा, पाळी, नावं, जमल्यास व्यक्तीचं लिंगसुद्धा बदलावं. जिच्यावर प्रसंग गुदरला तिची परवानगी घ्यावी, तीही दोनदा: गोष्ट निवडताना आणि पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, कारण मधल्या काळात मन बदलू शकतं. तिने स्वतःचीच भूमिका करू नये. सराव पाहून बदल सुचवणं हे तिचं काम. प्रयोगाला तिच्याजवळ बसायला एक ओळखीचं माणूस नेमावं.

दुसऱ्या फेरीत मोबाइलवरचं चित्रीकरण पूर्ण बंद. नाटकाची पहिली फेरी हवी तर टिपू द्या, पण प्रेक्षक पुढे यायला लागले की एकही फोन वर नको. 'मी असते तर नोंद केल्याशिवाय हलले नसते' असं म्हणणाऱ्या बाईचा तीस सेकंदांचा तुकडा संध्याकाळी ठेकेदाराच्या फोनवर पोचतो.

वही

प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ: कोणत्या दारापाशी अडवलं, काय केलं, विरोधकाने काय उत्तर दिलं, कुठवर पोचलं. नावं लिहायची नाहीत. तीन-चार प्रयोगांनंतर ही वही वाचली की एक नक्षी दिसते. सगळे सिस्टरच्या टेबलापाशीच अडवत असतील, तर सिस्टरांच्या संघटनेशी बोलणं हे पुढचं काम आहे. सहीपाशी कुणीच अडवत नसेल, तर त्या कागदाबद्दल लोकांना माहितीच नाही. तिथे वकिलाला बोलावून एक साधी सभा घ्यावी. शेवटच्या पंधरा मिनिटांत पुढच्या आठवड्याच्या बैठकीची तारीख आणि जागा सांगितली नसेल, तर जमलेली गर्मी दारातच विरते.

बोआल यांनी याच वहीला पुढे कायद्यापर्यंत नेलं. १९८६ मध्ये ते रिओ द जनेरोला परतले आणि १९९२ च्या निवडणुकीत शहराच्या नगरसभेवर निवडून आले. १९९३ ते १९९६ या काळात त्यांचे गट वस्त्यांत, संघटनांत फोरम करत. प्रेक्षकांचे प्रयत्न टिपले जात, कार्यालयातले कायद्याचे जाणकार त्यातून मसुदे बनवत आणि बोआल ते सभागृहात मांडत. त्यातून तेरा कायदे झाले. साक्षीदारांना संरक्षण देणारा आणि नगरपालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांच्या उपचारांची सोय करणारा, हे त्यातले दोन. प्रत्येक गटाला नगरसेवक मिळणार नाही, पण वही घेऊन बसणारा कायद्याचा एक जाणकार सुरुवातीपासून सोबत असावा, म्हणजे 'तक्रार करीन' म्हणणाऱ्याला कुणाकडे, कोणत्या अर्जावर, किती दिवसांत, हे प्रयोगाच्या शेवटी सांगता येतं.

प्रसंग जुना कधी होतो, तेही वहीवरूनच कळतं. लागोपाठ दोन प्रयोगांत एकही नवी ओळ पडली नाही आणि मुकादमाचं काम करणाऱ्याला पुढचं उत्तर आधीच ठाऊक असतं, तेव्हा तो प्रसंग बंद करावा. पुढचं नाटक शांता सही करायला नकार देते तिथून सुरू करायचं, आणि या वेळी मुकादमाच्या जागी ठेकेदार उभा करायचा.